जमिनीचं पार्सल कसं होतं?

प्रश्न असा आहे: गिरगावातल्या आजोबांच्या घराचं जुनं इंग्रजी खरेदीखत पुनर्विकासाच्या निमित्ताने कपाटातून बाहेर निघालं. त्याच्या परिशिष्टाची सुरुवात 'ऑल दॅट पीस ऑर पार्सल ऑफ लँड ऑर ग्राउंड' अशी आहे. पार्सल म्हणजे हॉटेलातून बांधून आणतो ते, नाहीतर पोस्टाने येतं ते. जमीन कशी बांधून नेणार? हा शब्द तिथे आला कुठून, 'पार्ट अँड पार्सल'मधलं पार्सल तेच का, आणि सोसायटीच्या सभेत सगळ्यांना कळेल असं याचं मराठी काय करायचं?

मी गेली २७ वर्षं फोर्टात दस्तांची आणि कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करते. हे वाक्य माझ्या हाताखालून किती वेळा गेलं असेल याची मोजदाद नाही, आणि सुरुवातीच्या काळात याच शब्दावर मी एकदा सपशेल चुकलेही आहे. त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

आधी थोडक्यात. पार्सलचा मूळ अर्थ वाटा, हिस्सा, लहानसा तुकडा. कागद, कापड, दोरी, खोकं यांच्याशी त्याचा जन्माने काहीच संबंध नाही. बांधाबांधीचा अर्थ त्याला फार उशिरा चिकटला. म्हणजे तुमच्या खतातलं पार्सल हे जुन्या, अस्सल अर्थाचं आहे आणि हॉटेलातलं नव्या अर्थाचं. प्रश्न खरं तर उलटा विचारायला हवा: जमिनीचा हा शब्द वड्यांना कसा लागला?

लॅटिनमध्ये 'पार्स' म्हणजे भाग. त्याचं लहान रूप 'पार्टिक्युला', म्हणजे भागुला म्हणा हवं तर, अगदी छोटा भाग. आपण डब्याची डबी आणि पुड्याची पुडी करतो तसंच. पुढे बोलीभाषेतल्या लॅटिनने त्या लहान रूपालाही आणखी लहान करून 'पार्टिसेला' केलं, जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'पार्सेल' झालं आणि चौदाव्या शतकात ते इंग्रजीत आलं. त्या 'पार्टिक्युला'पासूनच इंग्रजीतला 'पार्टिकल' आला, ज्याला आपण कण म्हणतो. म्हणजे कण आणि पार्सल ही एकाच आईची लेकरं. पार्ट, पार्टी, पार्टिशन हे सगळं त्याच घराण्यातलं.

गंमत म्हणजे इतर काही युरोपीय भाषांत हा शब्द मुख्यतः जमिनीवरच राहिला. आजच्या फ्रेंचमध्ये 'पार्सेल' म्हणजे जमिनीचा तुकडा. पोस्टाने येतं त्याला ते 'कोली' म्हणतात. स्पॅनिशमध्ये 'पार्सेला' म्हणजेही जमिनीचा तुकडाच. इटलीत भूमापनाच्या नकाशावरच्या प्रत्येक तुकड्याला 'पार्टिसेला' म्हणतात. आपल्या मुंबई शहरातल्या मिळकतींना जो सी.एस. नंबर असतो, तो कॅडस्ट्रल सर्व्हेचा, म्हणजे तशाच तुकड्यावार भूमापनाचा. इटलीतला जमीनमोजणीवाला आणि मुंबईतला जमीनमोजणीवाला एकमेकांशी बोलले तर 'पार्सल'वर त्यांचं ताबडतोब जुळेल. इंग्रजी बोलणाऱ्यांनी मात्र शब्द जमिनीवरही ठेवला आणि काखोटीलाही मारला.

हे काखोटीला मारणं कसं झालं, ते समजायला लंडनला जायची गरज नाही. दादरच्या किंवा माहीमच्या मासळी बाजारात सकाळी जा. कोळीण पाटीतली करंदी, मांदेली, छोटे बोंबील फळीवर काढते आणि हाताच्या अंदाजाने त्यांचे सारखे ढीग लावते. एकेक ढीग म्हणजे एकेक वाटा. आपण विचारतो, "वाटा कसा दिला, मावशी?" ती भाव सांगते, आपण घासाघीस करतो, ती वरून चार मांदेल्या टाकते आणि मग तो वाटा पिशवीत जातो. पिशवीला गाठ मारल्यावरही घरी येऊन आपण म्हणतो, "दोन वाटे आणलेत." वस्तू आता बांधलेली आहे, पण नाव अजून वाटणीचंच आहे.

पार्सलचं नेमकं हेच झालं. आधी ते मोठ्या साठ्यातून वेगळा काढलेला भाग होतं. पंधराव्या शतकापर्यंत 'मालाचा एक ठरावीक नग किंवा लॉट' असा अर्थ रुळला. आणि वेगळा काढलेला माल कोणाकडे पाठवायचा तर तो बांधावाच लागतो, म्हणून सतराव्या शतकाच्या मध्यावर 'बांधलेला नग' हा अर्थ कागदोपत्री दिसायला लागतो. पुढे टपालखात्याने त्यावर शिक्का मारला. ब्रिटनमध्ये पार्सल पोस्ट सुरू झालं १८८३ साली. आपल्याकडे तर त्याआधीच, १८७७ मध्ये, व्ही.पी. सुरू झाली होती: पोस्टमनने दारात पार्सल द्यायचं, पैसे घ्यायचे आणि ते पाठवणाऱ्याला पोचते करायचे. मराठी प्रकाशकांची पुस्तकं आणि दिवाळी अंक गावोगाव पोचले ते या सोयीमुळे. घरात 'व्ही.पी. आलीय' अशी हाक पडली की माझे आजोबा चष्मा शोधायच्या आधी पैशांचा डबा शोधायचे.

मुंबईच्या जी.पी.ओ.बाहेर पार्सलं शिवून देणारे बसतात, ते तुम्ही पाहिले असतील. ती इमारत १९१३ मध्ये पुरी झाली, जॉन बेग यांनी तिचा आराखडा केला आणि घुमटाची कल्पना विजापूरच्या गोलघुमटावरून घेतली. त्या घुमटाच्या सावलीत चाललेलं हे काम मी अनेकदा थांबून पाहिलं आहे. खोक्याभोवती मांजरपाट ताणून धरायचा, कडा आत दुमडायच्या, दाभणाने एकसारखे टाके घालायचे, मग शिवणीवर जागोजागी लाख वितळवून थेंब टाकायचा आणि तो ओला असतानाच त्यावर ठसा दाबायचा. लाखेचा हेतू शोभेचा नसतो. वाटेत कोणी शिवण उसवली तर ठसा फुटतो आणि घेणाऱ्याला कळतं. पार्सल म्हटल्यावर आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर ही वस्तू येते, त्यामुळे 'जमिनीचं पार्सल' खटकणं अगदी साहजिक आहे.

पण याच मुंबईत एक धंदा असा आहे, जिथे शब्दाचे दोन्ही अर्थ अजून एकाच घडीत राहतात. वांद्रे-कुर्ला संकुलात २०१० पासून भारत डायमंड बोर्स, म्हणजे हिऱ्यांचा बाजार, चालू आहे. त्याआधी सगळा कारभार ऑपेरा हाउसच्या गल्ल्यांत होता. हिऱ्यांचे दलाल ज्या घडी घातलेल्या कागदात हिरे ठेवतात त्याला ते गुजरातीत पडीकुं म्हणतात, आपल्या पुडीचीच बहीण, आणि इंग्रजीत पार्सल. कागदाची घडी ठरलेली असते, आत पातळ कागदाचा दुसरा थर, आणि वरच्या पट्टीवर कॅरेटमध्ये वजन लिहिलेलं. पण 'हे पार्सल मला पूर्ण घ्यायचंय' असं व्यापारी म्हणतो तेव्हा तो कागदाबद्दल बोलत नसतो. एकत्र लावलेल्या, एकत्र भाव ठरलेल्या हिऱ्यांच्या लॉटबद्दल बोलत असतो. त्यातून दोन खडे निवडून घ्यायचे म्हटलं तर भाव बदलतो. कोळणीच्या वाट्यातून फक्त मोठे बोंबील उचलू म्हटल्यावर ती जे बोलते, तेच हिऱ्यांचा व्यापारी जरा हळू आवाजात बोलतो.

जहाजवाहतुकीतही हाच अर्थ टिकून आहे. रसायनं आणणारी जी जहाजं आपल्या पीर पाव धक्क्याला लागतात, तशा जहाजांना पार्सल टँकर म्हणतात, कारण एकाच जहाजात वेगवेगळ्या टाक्यांतून वेगवेगळ्या मालकांचे वेगवेगळे द्रव असतात. इथे पार्सल म्हणजे काही हजार टन द्रव, कशातही न गुंडाळलेला. आणि चांदीच्या जुन्या भांड्यांच्या यादीत 'पार्सल-गिल्ट' असं दिसलं तर ते भांडं फक्त काही भागावर सोन्याचा मुलामा दिलेलं असतं. एका यादीचं भाषांतर तपासताना मला 'पार्सलमधील सोनेरी पेला' असं सापडलं होतं. ज्याने केलं तो हुशार मुलगा होता, पण त्याला मूळ अर्थ कोणी सांगितलाच नव्हता.

आता तुमच्या खताकडे येते. मुंबईच्या जुन्या खरेदीखतांतलं मिळकतीचं वर्णन साधारण ठरावीक साच्याचं असतं. 'तो सर्व पीस ऑर पार्सल', मग जमीन कुठे वसली आहे, किती चौरस वार, कलेक्टरांचा जुना आणि नवा नंबर, लॉटनच्या सर्व्हेचा नंबर, कॅडस्ट्रल सर्व्हे नंबर, आणि शेवटी चतुःसीमा: उत्तरेस अमुक, दक्षिणेस तमुक. लॉटन हे १८६५ ते १८७२ या काळात मुंबई बेटाचं मोजमाप करणारे लष्करी अधिकारी. त्यांचा नंबर दीडशे वर्षांनी अजून कागदावर चालत येतो आहे. इंग्लंडच्या वकिलीत दस्ताच्या या वर्णनाच्या भागालाच 'पार्सल्स' म्हणतात. म्हणजे तिथे पार्सल्स शब्दाचं मराठी 'मिळकतीचे वर्णन व चतुःसीमा' असं होईल.

'पीस ऑर पार्सल' यात दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पीस म्हणजे तुकडा आणि पार्सल म्हणजेही तुकडा. पुढच्या 'लँड ऑर ग्राउंड'चंही तेच. इंग्रजी कायद्याला अशा जोड्यांची सवय आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच, धर्माची आणि नोंदींची लॅटिन आणि रयतेची इंग्रजी अशी परिस्थिती शतकानुशतकं राहिली. एकच गोष्ट दोन भाषांत सांगून ठेवली की कोणी 'मला समजलं नाही' म्हणू नये, म्हणून 'विल अँड टेस्टामेंट'सारख्या जोड्या झाल्या: एक शब्द देशी, दुसरा लॅटिन. पुढे दोन्ही शब्द फ्रेंचमधून आलेले असतानाही जोडी लावायची सवय गेली नाही. पीस आणि पार्सल हे दोन्ही तसे फ्रेंचकडूनच आलेले आहेत.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मराठीवर फारसीचा अंमल झाला तेव्हा आपणही हेच केलं. कागदपत्र: कागद फारसीतून, पत्र संस्कृतातून. धनदौलत, बाजारहाट, रीतरिवाज, सगळ्यांत एक पाय इकडे आणि एक तिकडे. आणि जमीनजुमला घ्या, त्यात दोन्ही शब्द बाहेरूनच आलेले, तरी जोडी जमली. 'जमीनजुमला' ऐकून कोणी 'जमीन किती आणि जुमला किती' असं विचारत नाही. 'पीस ऑर पार्सल'कडे तसंच पाहायचं.

माझी चूक इथेच झाली होती. उमेदवारीच्या तिसऱ्या वर्षी एका वाटणीपत्राचं भाषांतर माझ्याकडे आलं. कुटुंब रत्नागिरीकडचं, जमीन उपनगरातली, एकच सी.टी.एस. नंबर, म्हणजे नगर भूमापन क्रमांक. इंग्रजीत 'सदर जमीन अँड एव्हरी पार्ट अँड पार्सल देअरऑफ' असं होतं. मी शब्दाला शब्द लावला: 'सदर जमीन व तिचा प्रत्येक भाग व भूखंड.' मला ते भारदस्त वाटलं. मराठी प्रत वाचून धाकट्या भावाच्या मनात आलं की थोरल्याने जमिनीचे आधीच प्लॉट पाडलेत आणि आपल्यापासून लपवलंय. जिथे एक अखंड जमीन होती, तिथे माझ्या एका शब्दाने भूखंड उभे राहिले. चूक-दुरुस्तीचा कागद करावा लागला, सह्यांसाठी त्यांच्या ७० वर्षांच्या आईला पुन्हा मुंबईला यावं लागलं, आणि भावाभावांत महिनाभर बोलणं बंद राहिलं ते निराळंच. त्या बाई कचेरीतल्या बाकावर पदराने घाम पुसत बसल्या होत्या. मी त्यांना पाणी नेऊन दिलं आणि चूक माझी होती हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे गो, पण त्याला समजावून सांग." मी समजावून सांगितलं. त्या दिवसापासून पार्सल शब्द आला की मी आधी पेन खाली ठेवते.

'पार्ट अँड पार्सल' म्हणजे एवढंच: संपूर्ण, त्यातला कणही न वगळता. कायद्याच्या कागदांत हा शब्दप्रयोग पाचशे वर्षांपासून आहे आणि तिथूनच तो रोजच्या इंग्रजीत गेला. रोजच्या वापरात 'अविभाज्य भाग' किंवा साध्या मराठीत 'त्यातलंच एक' म्हटलं की काम होतं. 'रात्रपाळी नोकरीत आलीच' यातलं ते 'आलीच' मला 'पार्ट अँड पार्सल'चं सगळ्यात छान मराठी वाटतं.

जमिनीच्या पार्सलला मराठीत शब्दांची ददात कधीच नव्हती. तुकडा, हिस्सा, पोटहिस्सा, पट्टी, आणि कोकणच्या जुन्या कागदांत तक्षीम. तक्षीम अरबीतून आली, तिचा अर्थही वाटणीच, आणि वाटेकरी तो तक्षीमदार. सातबारावर 'सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक' असं असतं, तिथला 'हिस्सा' म्हणजे नेमकं पार्सल. १९४७ च्या ज्या कायद्याला आपण तुकडेबंदी म्हणतो, त्यात तुकडे पडू नयेत आणि पडलेले जोडले जावेत हा हेतू होता. त्या एकत्रीकरणातून बऱ्याच गावांत सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. आणि आता केंद्र सरकार जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला अंक-अक्षरांचा १४ घरांचा ओळख क्रमांक देतंय, भू-आधार. त्याच्या इंग्रजी नावात 'लँड पार्सल' हेच शब्द आहेत. तेव्हा तुमच्या आजोबांच्या खतातला शब्द जुनाट म्हणून सोडून देऊ नका. तो सरकारी संगणकात ताजा आहे.

या घराण्यातला एक शब्द मात्र मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि पुनर्विकासाच्या कागदांत तो तुम्हाला भेटेलच: कोपार्सनर. ऐकायला पार्सलचाच भाऊ वाटतो आणि नात्याने जवळचा आहेही. लॅटिन 'पार्स'पासून वाटणी या अर्थाचा शब्द झाला, त्यातून फ्रेंचमध्ये 'पार्सनर', म्हणजे वाटेकरी. त्याचंच बोलण्याच्या ओघात, 'पार्ट'च्या ओढीने, 'पार्टनर' झालं. आपण चहाच्या टपरीवर ज्याला 'काय पार्टनर' म्हणतो आणि कोर्टात ज्याला कोपार्सनर म्हणतात, ते एकाच शब्दाचे दोन चेहरे आहेत.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात जमीन थोरल्या मुलाला जायची. मुलगा नसला तर ती सगळ्या मुलींना मिळून जायची, आणि त्या मुलींना म्हणत कोपार्सनर. म्हणजे मूळ जागी हा शब्द मुख्यतः लेकींचा होता. इंग्रजांनी आपल्याकडच्या मिताक्षरा पद्धतीच्या, म्हणजे हिंदूंच्या जुन्या वारसाशास्त्राप्रमाणे चालणाऱ्या, एकत्र कुटुंबासाठी हाच शब्द उचलला, आणि इथे तो फक्त पुरुषांना लागू झाला: बाप, मुलगे, नातू, पणतू. लेकींचा शब्द इथे येऊन लेकींनाच बाहेर ठेवू लागला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेही तो भाग तसाच ठेवला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून मुलींना कोपार्सनर केलं, पण ज्यांची लग्नं आधीच झाली होती त्यांना वगळून. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मुलासारखाच हक्क दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही.

मराठीत कोपार्सनरला 'सहदायाद' म्हणतात. दाय म्हणजे वारशाने येणारा वाटा, आणि तो घेणारा दायाद. शब्द अचूक आहे, पण तो वाचून अनेक बायकांना आपला त्यात समावेश आहे हेच कळत नाही, कारण कानाला तो पुरुषी लागतो. म्हणून मी भाषांतरात 'सहदायाद' लिहिल्यावर पहिल्या ठिकाणी '(मुलगा अथवा मुलगी)' असं मूळ मजकुराला धक्का न लावता टीपेत घालते. एकदा एका आत्याबाईंनी ती टीप वाचून विचारलं, "म्हणजे मी पण?" हो, तुम्ही पण. तुमच्या घरातही आत्या असतील तर हा परिच्छेद त्यांना जरूर वाचून दाखवा. आजोबांची मिळकत स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित यावर पुढचं सगळं अवलंबून असतं, ते तुमचे वकील सांगतील.

पार्सलचे शेजारी असलेले शब्दही थोडे सांगते, कारण त्यांची मुळं अगदी वेगळी आहेत. पॅक, पॅकेट, पॅकेज हे सगळे लोकरीच्या व्यापारातून, आजच्या बेल्जियम-हॉलंडच्या बाजूने इंग्रजीत गेले. त्यांच्यात खरोखरच बांधाबांधी आहे. त्यातल्या पॅकेटचं आपण पाकीट केलं, मग ते पत्राचं झालं, मग खिशातलं, आणि लोकलच्या गर्दीत पाकीटमारही त्याच्यामागे आला. पॅकेज तर आता नोकरीच्या वार्षिक पगाराला म्हणतात. बंडल हा बांधण्याच्या क्रियेतून झाला, आणि इंग्रजीतलं 'बाइंड' व आपलं बंध-बांधणे हे एकाच प्राचीन मुळाचे. म्हणजे बंडल आपल्याकडे परका आला तरी तो दूरचा सोयरा निघाला.

आपली पुडी मात्र निराळ्याच वाटेने आली. संस्कृतात पुट म्हणजे घडी, द्रोणासारखं दुमडलेलं पान. त्यावरून पुडा, पुडी, पुडकं. आत काय आहे याच्याशी तिला कर्तव्य नाही, वरच्या घडीवरून तिचं नाव पडलं. इंग्रजीतल्या पार्सलचं उलट आहे: आतल्या भागावरून नाव पडलं, घडी मागाहून आली. लग्न ठरल्यावर आपण साखरपुडा करतो, तेव्हा त्या नावात साखरेइतकंच कागदाच्या पुड्याला मान आहे. आणि दोन्हीकडच्या बांधलेल्या वस्तू मराठीत थापांसाठी वापरल्या जातात हे मला फार आवडतं: एक बंडल मारतो, दुसरा पुड्या सोडतो. उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, म्हणूनच असेल.

हॉटेलातलं पार्सल ही आपल्याकडची कमाई आहे. 'इथे खाणार की पार्सल?' हा प्रश्न मुंबईत रोज किती वेळा विचारला जात असेल! लंडनमध्ये त्याला टेकअवे म्हणतात. तिथल्या काउंटरवर पार्सल मागितलंत तर समोरचा पोस्ट ऑफिसचा रस्ता दाखवेल. तरी आपला वापर मला मुळाला धरून वाटतो. हॉटेलच्या मोठ्या पातेल्यातून आपल्यापुरता वाटा काढून घेणं, हेच ते. 'चार प्लेट इडली, त्यातल्या दोन पार्सल' यात चौदाव्या शतकातला अर्थ जसाच्या तसा आहे. रेल्वेतही असंच: वाघिणी भरून जातो तो माल, आणि मेल-एक्स्प्रेसच्या टोकाच्या डब्यातून सुटे नग जातात ते पार्सल.

निवडणुकीच्या दिवसांत मात्र हा शब्द आपण अगदी उलटा फिरवला. दुसऱ्या मतदारसंघातून उमेदवार आणून उभा केला की भिंतींवर आणि भाषणांत 'बाहेरचं पार्सल परत पाठवा' येतं. ज्या शब्दाचा अर्थ 'आपल्यातलाच एक भाग' असा होता, तो 'आपल्यातला नाही' हे सांगायला वापरला जातो. भाषेच्या माणसाला याचं वाईट वाटत नाही. शब्द इतका घरचा झाला म्हणूनच तर त्याला हवा तसा वळवता येतो. 'पोराला सुट्टीत गावी पार्सल केलं' हेही तसंच, आणि ते ऐकताना मला कोकणात जाणाऱ्या एस.टी.च्या खिडकीत बसलेलं माझं बालपण दिसतं.

आता सभेसाठी मजकूर. मी तुमच्या जागी असते तर परिशिष्टाची सुरुवात अशी केली असती: 'नोंदणी जिल्हा व उपजिल्हा मुंबई शहर येथील, गिरगाव येथे असलेली, खाली वर्णन केलेली संपूर्ण जमीन.' पीस, पार्सल, लँड, ग्राउंड हे चारही त्या 'संपूर्ण जमीन' या दोन शब्दांत आले. कोर्टात दाखल करायची प्रत असेल तर मात्र साचा मोडू नका, 'जमिनीचा तो संपूर्ण तुकडा वा हिस्सा' असं लिहा. 'भूखंड' लिहू नका, कारण आज त्या शब्दाला प्लॉट पाडल्याचा वास येतो. 'अथवा'ऐवजी 'वा' ठेवलात तर वाचणाऱ्याला दोन पर्याय असल्याचा भास कमी होतो.

आणि मराठी प्रत करताना तीन गोष्टी इंग्रजी प्रतीशी बोट ठेवून जुळवा: चौरस वारांचा आकडा, सी.एस. नंबर आणि चारी बाजूंच्या सीमा. क्षेत्रफळ वारात असेल तर वारातच ठेवा, मीटर कंसात द्या. एक चौरस वार म्हणजे ०.८३६ चौरस मीटर. सीमांमध्ये जुन्या रस्त्याचं किंवा शेजारच्या जुन्या मालकाचं नाव असेल तर ते बदलू नका, आज तिथे दुसरं काहीही उभं असलं तरी. पार्सल कोणतं ते त्या चार ओळींनीच ठरतं.